हेल घालवायचा म्हणून लेकीशी अबोला?

इंदूरच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३१. माहेर पाच-सहा पिढ्यांपासून इंदुरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. नवरा मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त इथे आलेला. मुलगी अकरा महिन्यांची. दिवाळीनंतर पुण्याला सासरी गेल्या असताना चारचौघांत त्या म्हणाल्या, "आम्ही दिवाळी इंदुरातच मनवली. पेसे खूप लागले, म्हणून मी आत्यांशी विचारलं..." पुढचं कुणी ऐकलंच नाही, सगळे हसायला लागले. नणंद म्हणाली, "वहिनी, किती गोड हिंदी बोलता हो तुम्ही!" सासूबाईंनी नंतर समजुतीच्या सुरात सांगितलं, "आपल्याकडे बोलण्याला कसलाच हेल नाही. बाळाच्या कानावर तसंच पडलं पाहिजे." तेव्हापासून त्या मुलीशी जेमतेम बोलतात. दिवसभर फोनवर मराठी गोष्टी लावून ठेवतात, निवेदक पुण्या-मुंबईचे बघून. बोलायचं काम संध्याकाळी नवऱ्याकडे. ऑफिसातल्या हिंदीवाल्यांना मात्र त्यांच्या हिंदीत मराठी ऐकू येतं. त्या विचारतात: हेल पूर्ण घालवून देतो म्हणणारा एक ऑनलाइन क्लास सापडलाय, तो लावू का? आणि तोवर मुलीशी कमी बोललेलंच बरं ना?

—

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिला महिनाभर थांबला तरी चालेल. नाही, कमी बोललेलं बरं नाही. हे वाचून झालं की फोनवरची गोष्ट बंद करा आणि लेकीशी बोला. वरणभात भरवताना, लंगोट बदलताना, गॅलरीतून खालची गाय दाखवताना, तोंडात येईल ते आणि येईल तसं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. हेल म्हणजे सर्दीसारखा काहीतरी, तोंडाला फडकं बांधलं की बाळाला लागायचा नाही. पण तुमच्या लेकीला तो केव्हाच लागलाय. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. बाळं जेमतेम तीन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेक वेळा खालून वर चढत होता, जर्मन बाळांचा वरून खाली येत होता. त्या त्या भाषेच्या वाक्यांची चाल साधारण तशीच असते. पोटातल्या बाळापर्यंत शब्द नीट पोचत नाहीत, आवाजाचा चढउतार पोचतो. म्हणजे तुमचे ऑफिसचे कॉल, आईशी फोनवर झालेल्या गप्पा, भाजीवाल्याशी केलेली घासाघीस, सगळ्याची चाल ऐकूनच ती बाहेर आली आहे. आता गप्प बसून काय साधणार?

उलट नुकसान आहे, आणि ते नेमकं याच वयात. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोघांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना आपले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजीला या दोघांतल्या फरकाचं काही पडलेलं नाही. तरी सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळपास कळेनासा झाला होता. आजूबाजूला जे आवाज कामाचे आहेत तेवढे धरून ठेवायचे आणि बाकीचे सोडायचे, हे काम तुमच्या मुलीच्या डोक्यात सध्या जोरात चालू आहे. (घाबरून जाऊ नका, दार बंद होत नसतं. मुलं पुढे कितीतरी वर्षं नवे उच्चार सहज उचलतात.)

मग फोनवरच्या गोष्टी ऐकवते आहेच की, असं तुम्ही म्हणाल. सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर बसून चिनी भाषिकांनी १२ बैठका मँडरिनमधून गप्पा मारल्या, पुस्तकं दाखवली, खेळणी दिली. या बाळांना मँडरिनचे आवाज ओळखू यायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. ती बाळं काहीच शिकली नाहीत. तेव्हा पुण्याचा निवेदक कितीही खणखणीत असो, तुमच्या मुलीच्या दृष्टीने तो पंख्याच्या आवाजात जमा. तिच्याकडे बघून, ती काय बघतेय ते बघून बोलणारी दिवसभरात एकच व्यक्ती घरात आहे. आणि तीच अबोला धरून बसली आहे.

इंदुरात राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. दोन वर्षांत तुमची मुलगी खाली खेळायला जाईल, मग शाळेत. मुलं आईबापांपेक्षा बरोबरीच्या मुलांसारखी बोलायला लागतात, हे आपण रोज बघतो. गल्लीतल्या तमिळ कुटुंबाची मुलं बघा कशी फर्मास इंदुरी हिंदी बोलतात, 'भिया'सकट. तुमच्या मुलीच्या भोवतीही हिंदीच असणार आहे. तिची मराठी इंदुरी होईल की पुणेरी, ही चिंता मला फार मोठी वाटत नाही. ती राहील की नाही, ही खरी चिंता. इथल्या मराठी घरांतून आजी गेली की मराठी गेली, असं होताना मी पाहिलं आहे. नातवंडांना समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्यातल्या बऱ्याच जणांना विचारलं तर सांगतील, बोललं की हसायचे, म्हणून सोडून दिलं.

आता सासूबाईंचं वाक्य. "आपल्याकडे बोलण्याला कसलाच हेल नाही." त्या मनापासूनच म्हणाल्या असणार. मी इथल्या हौशी नाटकवाल्यांत वाचिक अभिनय शिकवते, त्यामुळे बरीच मराठी संहिता हाताखालून जाते. नोकर आला की कंसात लेखक लिहितो, 'गावरान हेलात'. नागपूरचा मामा आला की 'वऱ्हाडी ढंगात'. डॉक्टर, वकील किंवा कॉलेजातली नायिका आली की कंसच नाही. एकाही संहितेत मी 'डॉक्टर (पुणेरी हेलात)' असं वाचलेलं नाही. पण तालमीत आमची इथलीच मुलगी डॉक्टरीण करायला उभी राहते, तेव्हा तिला तो हेल चांगला घोटून घ्यावा लागतो. 'आहे'चा 'ए' कुठे करायचा, 'येत्येस', 'करत्येस' कसं म्हणायचं, वाक्याचा शेवट कसा तोडायचा. ज्या बोलण्याची इतकी तालीम करावी लागते त्याला हेल नाही कसं म्हणायचं?

सासूबाईंना अजिबात न दुखवता एक प्रयोग करता येईल. त्यांना 'ज्ञानेश्वर' म्हणायला सांगा. त्या 'द्न्यानेश्वर' म्हणतील. तुमचे हिंदीवाले सहकारी 'ग्यानेश्वर' म्हणतील, बडोद्याचा गुजराती 'ग्नानेश्वर'. संस्कृताच्या हिशेबाने ते अक्षर ज आणि ञ मिळून झालेलं. म्हणजे तिघांनीही आपापल्या तोंडाप्रमाणे ते वळवून घेतलं आहे. 'ऋषी'चंही तेच. आपण 'रुषी' म्हणतो, हिंदीत 'रिषि', आणि मुळातला ऋ हा स्वर दोघांनीही केव्हाच गमावला. 'ष' आणि 'श' वेगळे म्हणणारा माणूस तर सदाशिव पेठेतही दिवा घेऊन शोधावा लागेल.

बोलायचं म्हणजे जीभ कुठेतरी टेकवावी लागते, सूर कुठेतरी चढवावा लागतो. तो 'कुठेतरी' म्हणजेच हेल. तो नसलेलं बोलणं कुठल्याच भाषेत नाही. फरक इतकाच पडतो की, काहींचा हेल पाठ्यपुस्तकात, बातम्यांत आणि परीक्षेत बसला. त्यांना तो ऐकू येईनासा झाला.

आणि तो तिथे बसला, त्याला फार दिवस झालेले नाहीत. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हारराव वाढले खानदेशात, तळोद्याला मामाकडे. ते कोणत्या हेलात बोलत असतील देव जाणे, पण पुणेरीत खास नाही. त्यांच्या पाठोपाठ माळव्यात आलेली घराणी वेगवेगळ्या मुलखांतली. जो तो आपली बोली घेऊन आला. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि इंदूर होळकरांची राजधानी झालं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ मध्ये, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मध्ये. त्यानंतर शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं आली, मेजर कँडींसारखे अधिकारी त्यांच्या भाषेवर नजर ठेवायला बसले, आणि पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांचं बोलणं हळूहळू प्रमाण ठरलं. पाठ्यपुस्तकं, छापखाने, कचेऱ्या सगळं तिकडेच होतं. तुमच्या माहेरचे लोक या सगळ्याच्या आधी किंवा सुमारास इथे येऊन स्थिरावले असतील. तेव्हा इंदूरची मराठी म्हणजे पुण्याची बिघडलेली मराठी, हा हिशेब इतिहासाला धरून नाही. ती वेगळ्या वाटेने वाढली आणि वाटेत तिला हिंदी आणि माळवी भेटल्या.

बरं, प्रमाण म्हटलं ते तरी एका जागी राहतं का? इंग्लंडच्या राणीपेक्षा प्रमाण इंग्रजी कुणाचं असणार? जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलिझाबेथ राणीची दरवर्षीची नाताळची भाषणं तपासली आणि २००० साली निष्कर्ष छापले. पन्नासच्या दशकातले तिचे स्वर आणि ऐंशीच्या दशकातले स्वर यांत फरक पडला होता. तिच्या तरुण प्रजेच्या बोलण्याकडे ते थोडे सरकले होते. राणीलाही हेल होता, आणि तोही बदलत होता.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येऊ. लोक हसले तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकदमच हसले, आणि तुम्ही तिन्हींना हेल समजून बसलात.

'दिवाळी मनवली' हा हेल नाही, ते हिंदी क्रियापद आहे. पुण्यात 'साजरी केली' किंवा नुसतं 'दिवाळी केली' म्हणतात. 'आत्यांशी विचारलं' हाही हेल नाही. हिंदीतल्या 'से पूछा'ची सावली पडून विभक्ती बदलली आहे. 'आत्यांना विचारलं' म्हटलं की झालं. अशा गोष्टी बदलायच्या असतील तर फार सोप्या आहेत, कारण त्या जिभेच्या सवयी नाहीत. महिनाभर मराठी वर्तमानपत्रातला एक मजकूर रोज मोठ्याने वाचा, आपोआप निवडून येतील. सगळ्याच बदलायला हव्यात असंही नाही. 'फोन लावते' हे हिंदीतून आलंय म्हणून एखादा नाक मुरडेल, पण आता पुण्यातही सगळे फोन लावतातच.

खरा हेल तेवढा 'पेसे'मध्ये होता. मराठीतला 'ऐ' म्हणजे अ आणि इ जवळजवळ वेगळे ऐकू येतील असा जोडस्वर. हिंदीत तो पसरट होऊन एकच स्वर होतो आणि आपल्या माळव्यात आणखी सरकून 'ए'ला जाऊन टेकतो, 'क्या हे भिया'मधल्यासारखा. तुमच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असेल, मी पैजेवर सांगते. मराठीत च, ज, झ दोन तऱ्हेचे आहेत. 'माझी' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'माझा' म्हणताना ती वरच्या दातांच्या मुळाशी येते आणि किंचित हवा घासून जाते. हिंदीत ही दुसरी तऱ्हा नाही, म्हणून इथे शाळेत हिंदीत वाढलेल्यांचं 'माझा' बहुधा 'माझी'सारखंच येतं. हात तोंडासमोर धरून दोन्ही म्हणून बघा. पुढे इ, ई, ए असेल तर (चिमणी, जेवण, झेंडा) टाळू. चूल, चोर, जावई, झाड यांत दात. 'चार' टाळूचा आणि 'चारा' दाताचा, हे पाठच करावं लागतं.

हे शिकायची इच्छा असेल तर जरूर शिका. त्यात कमीपणा नाही आणि आपल्या मातीशी बेइमानीही नाही. नट शिकतात, निवेदक शिकतात, सुगरण सून सासरचं गोडं वरण शिकते तसंच. त्यासाठी लेकीशी बोलणं थांबवायची मात्र मुळीच गरज नाही. उलट तीच तुमची तालीम. 'चल', 'झोप', 'जा' हे दाताचेच उच्चार आहेत, आणि अकरा महिन्यांच्या बाळाच्या आईला ते दिवसातून शंभरदा म्हणावे लागतात. आठवड्यातून एकदा फोनवर मिनिटभर रेकॉर्ड करा, एकच उच्चार ऐका. सगळं एकदम सुधारायला गेलात तर बोलताना अडखळाल, आणि लोक उच्चाराला नाही तर अडखळण्याला हसतील.

ऐकणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना एका अमेरिकन बाईचं व्याख्यान टेपवर ऐकवलं. ऐकताना काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच, टेप तीच. तरी आशियाई फोटो बघणाऱ्यांना व्याख्यान कमी समजलं. सासरी तुम्ही 'इंदूरची सून' म्हणून तोंड उघडता तेव्हा कान आधीच टवकारलेले असतात. उद्या तुम्ही एकूण एक उच्चार घोटलात तरी नणंदेला काहीतरी सापडेलच. म्हणून सासरच्यांचं हसणं हा तुमच्या उच्चाराचा निकाल समजू नका.

त्या हसण्यावर इलाज वेगळा आहे, आणि त्याची सुरुवात नवऱ्यापासून. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या दिवशी ते हसले की गप्प राहिले? दोन्हीही चालणार नाही. त्यांच्या आईशी आणि बहिणीशी त्यांनीच बोलावं, तुमच्या माघारी, शांतपणे. सासूबाईंशी तुम्ही बोलाल तर इतकंच म्हणा: "आई, मी इंदूरची, बोलण्यात इंदूर येणारच. एखादा शब्द चुकला तर मला बाजूला घेऊन सांगा, मला शिकायला आवडेल. पण चारचौघांत नको, आणि बाळासमोर तर नकोच." शेवटचं वाक्य गिळू नका. अकरा महिन्यांच्या पोरीला शब्द कळत नसले तरी आई बोलली की लोक हसतात, हे तिला लवकरच कळेल.

शिवाय त्यांना काम द्या. रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर नातीला गाणी म्हणायला सांगा, तुम्ही शेजारी बसा. टीव्हीवरचा चेहरा आणि नाव घेऊन हाक मारणारी, उत्तराची वाट बघणारी आजी यांत फरक आहे. मुलीला दोन तऱ्हेची मराठी मिळेल. मुलं अशा दोन-तीन तऱ्हा सहज सांभाळतात आणि कुणाशी कुठली वापरायची तेही त्यांना लवकर कळतं.

ग्वाल्हेर, बडोद्याच्या ज्या वाचकांना हे आपलंच वाटत असेल, त्यांच्यासाठी नोकरीपुरतं एक. फोनवर बोलण्याची कामं करणाऱ्या मुलांना 'न्यूट्रल अ‍ॅक्सेंट'चा धाक घातला जातो. कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली दाखवलं की हेल किती ठळक आहे आणि बोलणं किती समजतं या वेगळ्या गोष्टी आहेत. ठळक हेलाचं बोलणंही पूर्ण समजू शकतं. जग हेलावरून माणूस जोखतं हे खरं, ते नाकारून मी कुणाची नोकरी घालवणार नाही. पण मेहनत करायची तर आधी वेग, थांबे आणि शब्दांचे शेवट यांवर करा.

राहिला क्लास. 'हेल पूर्ण घालवतो' असं जो म्हणतो तो एक हेल काढून दुसरा घालणार आहे, आणि हे त्याला माहीत नसेल तर त्याने शिकवू नये. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझं रेकॉर्डिंग ऐकून मग अभ्यासक्रम ठरवणार का, नेमके कोणते उच्चार घेणार, आणि मराठीचे उच्चार शिकवणार की इंग्रजीच्या क्लासला मराठी नाव दिलंय. उत्तरं गोलमाल आली तर सोडून द्या. भरली असेल आणि परत मिळत नसेल, तर च-ज-झ आणि ऐ-औ एवढं पदरात पाडून घ्या. वेळ मात्र अशी निवडा जेव्हा लेक झोपलेली असेल.